झुलीवरचे चक्र

पोळ्याआधी कळमेश्वरच्या बाजारात एक लाकडी नंदी पाहिला. चार चाकांवर उभा, झुलीवर केशरी-पांढरा-हिरवा पट्टा, मधोमध निळे चक्र. आरे मोजले, आठच भरले. शेजारचे एक गुरुजी म्हणाले, 'लोककलेतली देशभक्ती बघा!' आपल्या मध्यमवर्गीय समीक्षेचा सगळा दृष्टिकोन या एका शेऱ्यात आला.

या समीक्षेला झुलीवरचा रंग दिसतो, झुलीखालचा बैल दिसत नाही. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने स्वीकारलेल्या ध्वजावरचे चोवीस आऱ्यांचे चक्र सारनाथच्या अशोकस्तंभावरून आले. ध्वजसमितीत बाबासाहेब होते. २६ जानेवारी १९५० ला जे स्तंभशीर्ष राजमुद्रा झाले, त्याच्या सिंहांच्या पायाखालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, सिंह आणि बैल आहेत. राजमुद्रेत चक्राच्या उजव्या हाताला बैलच दिसतो. तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन घरोघर फिरणाऱ्या पोराच्या हातावर बोजाऱ्याचे नाणे पडते, त्यावरही हीच मुद्रा. बैल राष्ट्रचिन्हात आधीपासून आहे; त्याला तिरंगा पांघरून देशभक्त करायचे कारण काय?

आणि हा बैल कोणाचा? मोठ्या पोळ्याला मान बैलवाल्याचा. बैल जिवंत असेपर्यंत गावाने त्याला ओवाळले, मेला की ओढायला महार. महाडच्या १९२७ च्या लढ्यानंतर मेलेली ढोरे ओढणे नाकारणाऱ्या महारांवर गावोगाव बहिष्कार पडले. लोककलेचे गोडवे गाणाऱ्यांच्या लेखांत ही ओढण्याची वाट कुठे येते? भूमिहीनाच्या पोराला निदान लाकडाचा बैल तरी मिळतो, एवढे मात्र तान्ह्या पोळ्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

कलाकृती म्हणून पाहिले तर वशिंडाचा उभार आणि मानेची ठेवण अस्सल आहे. तिथे वाढ्याचा हात बोलतो. रंगाचा पट्टा उसना वाटतो. पण त्या आठ आऱ्यांपाशी मी थबकलो. ध्वजाच्या नियमाने ते चूक. मात्र आठ आऱ्यांचे चक्र म्हणजे अष्टांगिक मार्ग, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी इथून फार दूर नाही. मनात म्हटले, याने जाणूनच कोरले असेल. विचारले.

'झूल लहान हाय नं भाऊ,' तो म्हणाला, 'आठच बसले. चोवीस पायजे असन त मोठा नंदी घ्या लागन.'