उत्खननाचा परवाना आणि वृत्तान्ताचे ऋण

१९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने व १९५९ च्या नियमांनी उत्खननास परवान्याचे बंधन घातले, हे योग्यच झाले. परंतु या व्यवस्थेचा सारा कटाक्ष कुदळ पडण्याच्या क्षणावर आहे. खणून मिळालेले ज्ञान अभ्यासकांच्या हाती केव्हा येणार, याविषयी ती तितकी कठोर नाही. वास्तविक थर एकदा उपसला की त्याची नोंद हाच उरलेला पुरावा होय. नेवासे येथे १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन झाले. वृत्तान्त १९६० मध्ये निघाला. कालीबंगनचे काम १९६९ मध्ये संपले. तेथील आद्य-हडप्पा थरांचा वृत्तान्त मात्र २००३ मध्ये, आणि हडप्पाकालीन थरांचा पहिला भाग २०१५ मध्ये! याचे खापर केवळ उत्खननकर्त्यांवर फोडणे अन्यायाचे होईल. स्मारकांची निगा आणि संशोधन ही दोन्ही कामे एकाच केंद्रीय खात्याच्या गळ्यात आहेत. शिवाय इतरांस परवाना देणारे हे खाते स्वतःही मोठे उत्खननकर्ते आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय मंडळ नावाप्रमाणे सल्लागारच. मागील वृत्तान्त सादर झाल्याखेरीज नवे उत्खनन नाही, हा दंडक खात्यासही लावावयाचा तर निर्णयाचा अधिकार खात्याबाहेरील तज्ज्ञांकडे सोपविणे प्राप्त आहे.