जनरल नरसम्मांचा रेडिओ

नरसम्मांवर छापून आलेले लेख मी जमवत असते. त्यांत एक गोष्ट हटकून आढळते. पहिल्याच वाक्यात ‘गरीब’, ‘दलित’, ‘खेड्यातली’ ही विशेषणं येतात, रेडिओ त्यानंतर कुठंतरी. कौतुक असतं, पण ते माइक धरणाऱ्या हाताचं. माइकमधून काय गेलं, याबद्दल चकार शब्द नाही. नीलम प्रभूंवर लिहिताना आपण असं करतो का? मीना वहिनींचा आवाज, ‘प्रपंच’मधला ठसका, बाळ कुडतरकरांशी जमलेली जोडी, यांवर बोलतो. नरसम्मांना तेवढा मान अजून मिळायचा आहे.

हैदराबादहून मुंबईच्या रस्त्याला लागलं की बीदरच्या अलीकडे जहीराबाद येतं. तिथल्या माचनूर गावात संघम रेडिओ आहे. १५ ऑक्टोबर २००८ रोजी तो सुरू झाला. चालवणाऱ्या दोघी, एक जनरल नरसम्मा, दुसऱ्या आल्गोल नरसम्मा. मागे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी आणि तिच्या बायकांचे गावोगावचे संघ. रोज संध्याकाळी दोन तास, आसपासच्या पंचवीसेक किलोमीटरपर्यंत, ९०.४ मेगाहर्ट्झवर.

ही तारीख म्हणजे त्यांच्या कामाची सुरुवात, असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. युनेस्कोच्या मदतीनं सामान आलं ते १९९८च्या सुमारास. परवाना मात्र नव्हता. ही सगळी वर्षं बायका कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत राहिल्या, कॅसेटी संघाच्या बैठकीत नेऊन वाजवत राहिल्या. लहरींविना रेडिओच म्हणायचा हा! पण याच काळात त्या खऱ्या निवेदक झाल्या असाव्यात, असं मला वाटतं. आकाशवाणीच्या निवेदिकेला श्रोता दिसत नाही. इथे तो समोर जमिनीवर बसलेला. कंटाळला की उठणार, चुकलं की तोंडावर सांगणार. बियाणं कसं राखायचं हे सांगायला बसलेल्या म्हातारीला मध्येच न तोडता बोलू द्यायचं, हे स्टुडिओतल्या प्रशिक्षणात थोडंच येतं?

भाषेचंही तसंच. तेलंगणातल्या लोकांची जुनी तक्रार, की रेडिओवरची तेलुगू किनाऱ्याकडची, आपली नव्हे. संघम रेडिओवर जी बोलली जाते ती शेतात बोलतात तीच. आपल्याकडे वऱ्हाडी किंवा मराठवाडी बोली रेडिओवर आली की बहुतेक वेळा हसवायलाच येते. इथे ज्वारी-बाजरीच्या वाणांपासून आजारपणापर्यंत सगळा गंभीर कारभार तिच्यातून चालतो. म्हातारीला अक्षर येत नसलं तरी काही अडत नाही. रेडिओला अक्षर लागतंच कुठे?

उद्घाटनाला न्यायमूर्ती पी. बी. सावंत आले होते, आपले मराठीच. १९९५च्या ज्या निकालानं हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता ठरली, त्या खंडपीठावर ते होते. निकाल ९५चा, खेड्यातल्या संस्थांना दार उघडणारं धोरण २००६चं. मधल्या अकरा वर्षांतली बरीचशी कॅसेटींवर गेली, ती अशी.

आणि दार उघडलं तेही अर्धंच. त्या धोरणानं सामुदायिक रेडिओला बातम्यांची मनाई केली. म्हणजे नरसम्मांनी बी कधी पेरायचं ते सांगावं, सण कसा करायचा ते सांगावं, पण चालू घडामोडी वाचू नयेत. मायलेकी शेजारणीकडे बसून जे बोलतात त्यातला निम्मा भाग बातम्याच असतो हो! निवेदिकेची पारख करताना तिला काय म्हणू दिलं नाही, हेही जमेत धरायला हवं. मी वाचलेल्या लेखांत हा नियम मात्र क्वचितच सापडला.

गंमत अशी, की बाजरी आता शहरात ‘मिलेट’ होऊन चकचकीत पाकिटात आली आहे. २०२३ साल तर जगभर भरडधान्यांचं म्हणून साजरं झालं. माचनूरच्या टेपांवर तो विषय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, तोही म्हातारीच्या तोंडून. या टेपा जपून, विषयवार लावून, मराठी-कानडी मुलुखातल्या लोकांनाही ऐकायला मिळाल्या, तर नरसम्मांवर नीट लिहिता येईल.