संगीत-माहितीपटातील श्रोता : ‘माँटेरे पॉप’ ते ‘जय भीम कॉम्रेड’

प्रस्तावना :

संगीतमहोत्सवाचे चित्रण करणारा माहितीपट हा प्रकार १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्थिरावला. डी. ए. पेनीबेकर यांचा ‘माँटेरे पॉप’ (१९६८) आणि मायकेल वॉडली यांचा ‘वुडस्टॉक’ (१९७०) ही त्याची ठळक उदाहरणे होत. या माहितीपटांची चर्चा बहुधा रंगमंचावरील कलावंतांच्या अनुषंगाने होते. प्रस्तुत लेखात मात्र त्यांतील श्रोत्याचे स्थान तपासले असून, त्याच कसोटीवर आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाचा विचार केला आहे. हा माहितीपट रूढ अर्थाने संगीतमहोत्सवाचा नाही. तथापि, समूहासमोर सादर होणारे गाणे हाच त्याचा कणा असल्यामुळे ही तुलना अप्रस्तुत ठरत नाही.

महोत्सवातील श्रोता :

१६ ते १८ जून १९६७ या काळात कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे भरलेल्या महोत्सवावर पेनीबेकर यांचा माहितीपट आधारलेला आहे. त्याचा शेवट पंडित रविशंकर यांच्या सतारवादनाने होतो. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ आहेत. सुमारे अठरा मिनिटांच्या या भागात कॅमेरा आरंभी वादकांकडे वळतच नाही. सतार ऐकू येत राहते आणि पडद्यावर दिसतात ते मैदानात वावरणारे व वादनात हरवलेले तरुण श्रोते. अपरिचित संगीतासमोर श्रोता कसा बदलत जातो, हेच येथे दिग्दर्शकाला दाखवावयाचे आहे.

‘वुडस्टॉक’मध्ये हा श्रोता जनसमुदायाचे रूप घेतो. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे चार लाखांहून अधिक लोक जमले होते. पाऊस, चिखल आणि अन्नाची टंचाई यांसह वॉडली त्यांचे चित्रण करतात. त्यातील एक लहानसा प्रसंग विशेष बोलका आहे. तात्पुरती शौचालये साफ करणारा कामगार सांगतो की, त्याचा एक मुलगा या महोत्सवात आहे, तर दुसरा व्हिएतनाममध्ये. क्षणभर मैदानाबाहेरचे जग आत शिरते. परंतु महोत्सव संपताच मैदान ओस पडते आणि माहितीपटही संपतो. घरी परतलेल्या श्रोत्याचे पुढे काय होते, हा या माहितीपटांचा विषय नाही.

वस्तीतील श्रोता :

‘जय भीम कॉम्रेड’ची सुरुवातच या प्रश्नापासून होते. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईतील घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्यानंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला व त्यात दहा जणांचा मृत्यू झाला. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात घोगरे यांचे गाणे होते. त्यांच्या मृत्यूनंतर सुरू झालेले काम चौदा वर्षे चालले.

येथे मैफल संपल्यावर कॅमेरा उठून जात नाही. तो श्रोत्याच्या घरात शिरतो, मृतांच्या आप्तांशी बोलतो, खटल्याचा पाठपुरावा करतो. गायक आणि श्रोता यांच्यातील अंतरही येथे नाहीसे होते; कारण शाहीर त्याच वस्तीत राहतो आणि गाणे त्याच वस्तीचे दुःख सांगते. उत्तरार्धात पुण्याच्या कबीर कला मंचातील शीतल साठे गाताना दिसतात आणि त्यांच्या आईचे मनोगतही ऐकावयास मिळते. मुलीच्या गाण्याचा अभिमान आणि तिच्याविषयीची काळजी या दोन्ही भावना त्या आईच्या ठायी आहेत. गाण्याची किंमत श्रोत्याच्या घरात मोजली जाते, हे ‘वुडस्टॉक’ला न दिसलेले सत्य येथे प्रकट होते. शीतल साठे व सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधान भवनाबाहेर पोलिसांकडे स्वतःला स्वाधीन केले. माहितीपटानंतरच्या या घटनेने त्याचा आशय अधिकच गडद केला.

मर्यादा :

तथापि, या माहितीपटात गाणे अनेकदा पुराव्याच्या भूमिकेत जाते. मुलाखत आणि युक्तिवाद यांना जो अवकाश मिळतो, तो गाण्याची चाल, ढोलकीचा ठेका आणि कोरसची उठावणी यांना मिळत नाही. सतारीला अखंड अठरा मिनिटे देणाऱ्या पेनीबेकर यांचा संयम येथे उणा भासतो. शाहिराच्या वेदनेइतकीच त्याची कलाही गंभीरपणे ऐकली जावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. दलित कलावंताकडे केवळ साक्षीदार म्हणून पाहिले गेल्यास त्याच्या निर्मितीक्षमतेवर नकळत अन्याय होतो.

समारोप :

महोत्सवाच्या माहितीपटाने श्रोत्याचा चेहरा दाखविला, तर ‘जय भीम कॉम्रेड’ने त्याचा पत्ता शोधला. मराठवाड्याच्या दृष्टीने या निष्कर्षाला महत्त्व आहे. बीडसारख्या जिल्ह्यात आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने गावोगावी भीमगीते गायिली जातात. पण त्यांची नोंद करताना मान्यवरांची भाषणे टिपली जातात आणि गायन पार्टी दुर्लक्षित राहते. महाविद्यालयांतील मराठी, संगीत व समाजशास्त्र विभागांनी एकत्र येऊन ही गाणी पूर्ण लांबीची, गायकाच्या व श्रोत्याच्या निवेदनासह ध्वनिचित्रमुद्रित करणे आवश्यक आहे. शाहीर गेल्यानंतर सुरू होणारे काम कितीही मोलाचे असले, तरी ते त्याच्या हयातीत सुरू होणे अधिक न्याय्य ठरेल.