फिलिअस फॉग, खंडवा लाइन आणि ‘जीवनकौशल्यां’चा तास

मंडळाच्या गेल्या बैठकीत मी जे विस्कळीत बोललो, ते नीट लिहून द्या असा सगळ्यांनी आग्रह धरला, म्हणून हा लेख. तो इतिहासाचा आहे की शिक्षणाचा, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं. मी मेकॅनिकल इंजिनिअर. पिथमपूरला अठ्ठावीस वर्षं यंत्रांच्या आवाजात काढली आणि पन्नाशीनंतर इतिहासाच्या नादी लागलो. साहित्याचा समीक्षक मी नव्हे. पण जुनं रेल्वे वेळापत्रक हाती लागलं की माझं जेवण गार होतं, हे घरच्यांना आणि मंडळालाही ठाऊक आहे.

गेल्या वर्षी इंदूरच्या एका मराठी शाळेनं शनिवारच्या वाचनवर्गासाठी मला बोलावलं. आठवी-नववीची वीस-बावीस मुलं होती. पुस्तक ठरलेलं होतं: ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जगाला प्रदक्षिणा घालण्याची गोष्ट, मराठी संक्षिप्त रूपात. आमच्या पिढीला व्हर्न भेटला तो मुख्यतः भा. रा. भागवतांमुळे, त्यामुळे मी आनंदानं हो म्हटलं. सोबत एक छापील पुस्तिकाही मिळाली. प्रत्येक प्रकरणाखाली एक चौकट आणि त्यात ‘आजच्या जीवनासाठी धडा’. फॉगकडून वेळेचं नियोजन शिका. हत्तीच्या प्रसंगातून समस्या सोडवायला शिका. आउदाच्या सुटकेतून धैर्य शिका. शेवटी पाच प्रश्न आणि स्वतःला गुण द्यायचा तक्ता.

खरं सांगायचं तर पहिले तीन शनिवार मी हे सगळं पुस्तिकेबरहुकूम शिकवलं, आणि वर्ग रंगला. ही पद्धत निव्वळ टाकाऊ आहे असं मला म्हणायचं नाही. जी मुलं पान उलटायला तयार नव्हती, ती ‘तुम्ही फॉगच्या जागी असता तर?’ असं विचारल्यावर बोलायला लागली. शाळेतल्या बाईंचं म्हणणं असं, की आजच्या मुलाला ‘याचा मला काय उपयोग?’ याचं उत्तर दिल्याशिवाय ते वाचत नाही. त्यात तथ्य आहे.

चौथ्या शनिवारी एका मुलीनं हात वर केला. ती म्हणाली, “काका, पण तारीख तर त्यालाच चुकली ना?”

पुस्तिका तिथंच अडकली. २ ऑक्टोबर १८७२ ला लंडनहून निघालेला हा घड्याळासारखा माणूस पूर्वेकडे जात राहिला, त्यामुळे त्याच्या हिशेबात एक दिवस जास्त धरला गेला, आणि ते त्याला कळलंच नाही. घरी येऊन तो हरलो म्हणून बसून राहिला. त्याचा नोकर पासपार्तू लग्न ठरवायला पाद्र्याकडे गेला, तेव्हा आज रविवार नसून शनिवार आहे हे योगायोगानं समजलं. म्हणजे वेळेच्या नियोजनाचा जो आदर्श आम्ही मुलांपुढे ठेवत होतो, तो स्वतःच्या नियोजनामुळे जिंकलाच नाही. व्हर्ननं ही थट्टा मुद्दाम केली आहे. पुस्तिकेनं थट्टा काढून टाकली आणि सुविचार ठेवला.

मग मी बाकीच्या चौकटीही तपासायला घेतल्या. कारखान्यात एक नट ढिला निघाला की आम्ही सगळे तपासायचो, तीच सवय.

‘समस्या सोडवणे’ घ्या. रूळ संपले, गाडी थांबली, फॉगनं काय केलं? भाड्यानं हत्ती मिळेना, तेव्हा २,००० पौंड मोजून विकत घेतला. ही युक्ती नव्हे, ही पैशाची पिशवी. साऱ्या प्रवासात त्याचे सुमारे १९,००० पौंड गेले. पैज २०,००० ची. उरलेले हजार त्यानं पासपार्तू आणि डिटेक्टिव्ह फिक्स यांना वाटून टाकले. पण त्यातही पासपार्तूच्या वाट्यातून, निघताना जळत राहिलेल्या गॅसच्या दिव्याचं १,९२० तासांचं बिल कापून घेतलं. मुलांनी ८० गुणिले २४ करून आकडा बरोबर काढला आणि वर्गात हशा पिकला. मालक म्हणून फॉग कसा आहे, यावर त्या हशानंतर झालेली चर्चा कुठल्याही चौकटीपेक्षा सरस होती.

आउदाच्या प्रकरणात तर चौकट अधिकच तोकडी पडते. पुस्तिका म्हणते, धैर्य शिका. पण ही आउदा कोण? मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, बुंदेलखंडातल्या म्हाताऱ्या राजाला दिलेली, आणि आता सती जायला निघालेली. पारशी समाजात प्रेत अग्नीला देत नाहीत, अग्नी त्यांना पवित्र. अशा मुलीचं बुंदेल्या राजाशी लग्न लावून तिला चितेपर्यंत नेणं हा व्हर्नच्या कल्पनेचा खेळ आहे. तिला वाचवण्याची वाट दाखवणारा माहूतही पारशीच. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नाही. इथली जी माणसं त्याला ‘आपल्यासारखी’ वाटली, ती त्यानं पारशी केली, बाकीच्यांना मशाली देऊन रानात उभं केलं. बंगाल इलाख्यात सतीबंदीचा कायदा १८२९ चा, म्हणजे गोष्ट घडते त्याच्या त्रेचाळीस वर्षं आधीचा. संस्थानांत इंग्रजांचं चालत नाही, असं पात्राच्या तोंडी घालून व्हर्ननं वाट काढली आहे. एवढी गुंतागुंत एका ‘धैर्य’ शब्दाखाली झाकली, की मुलं हे आपल्याच देशाचं खरं चित्र समजून घरी जातात. एका मुलानं मला विचारलंच, “आपल्याकडे असं होतं का?” त्याला हो किंवा नाही, एका शब्दात सांगता येत नाही. पण धड्याच्या चौकटीत एकाच शब्दाची जागा असते.

आता माझ्या खास आवडीचा भाग. वर्गातल्या एका मुलाचे वडील रेल्वेत आहेत, खंडव्याला. त्यानं घरी नकाशा उघडून विचारलं, “खोल्बी कुठे आहे?” वडिलांना सापडेना. मलाही सापडलं नाही, कारण असं स्टेशनच नाही. कादंबरीत गाडी खोल्बीपर्यंत जाते आणि पुढे अलाहाबादपर्यंत पन्नास मैल रूळच नाहीत. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. थळ घाटातून गाडी १८६५ मध्ये गेली. खंडव्याला रेल्वे १८६६ मध्ये आली. अलाहाबाद ते जबलपूर हा ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा १८६७ मध्येच सुरू झाला. मुंबईकडून येणारी जीआयपी रेल्वे मार्च १८७० मध्ये जबलपूरला भिडली आणि मुंबई-कलकत्ता सलग झालं. फॉग इथं आला ऑक्टोबर १८७२ मध्ये. म्हणजे ज्या पट्ट्यात त्याचे रूळ संपतात, तिथं पाच वर्षं गाड्या धावत होत्या!

गंमत म्हणजे, ऐंशी दिवसांचं सारं गणितच या लाइनीवर उभं आहे. सुएझ कालवा १८६९, अमेरिकेचा आरपार लोहमार्ग १८६९, आणि तिसरी आमची ही लाइन. या तिन्हींशिवाय पैज लागलीच नसती. कादंबरीतल्या वेळापत्रकात मुंबई ते कलकत्ता तीन दिवस धरलेत. फॉग मुंबईला दोन दिवस आधी पोहोचतो आणि ते दोन्ही दिवस व्हर्ननं पाडलेल्या या खिंडारात घालवतो. लेखकाला हत्ती हवा होता, म्हणून त्यानं रूळ उखडले. तो त्याचा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मालेगावला त्यानं स्टेशन दिलं, कल्याणहून घाटात शिरताना पनवेल वाटेत घातलं, तेही मी हसून सोडून दिलं.

तक्रार आहे ती शिकवणाऱ्याची, म्हणजे माझी स्वतःची. मी तीन शनिवार ‘अपूर्ण रेल्वेमार्ग = अडचण = संधी’ असं फळ्यावर लिहिलं. समोर बसलेल्या मुलाच्या घरची रोजीरोटी त्याच मार्गावर आहे, आणि तो मार्ग घालताना सह्याद्रीच्या घाटांत पटकी, सुरुंग आणि दरडींनी हजारो मजूर मेले, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ते काम पुरं झालं होतं. जिवाच्या मोलानं पुरं झालं होतं. ते अपुरं होतं असं आम्ही त्यांच्याच मुलांना शिकवायचं आणि त्यातून जीवनकौशल्य काढायचं, हे मला आतून लागलं.

इंदूरपुरतं आणखी एक. फॉगची गाडी बऱ्हाणपुरावरून गेली (पासपार्तूनं तिथं खोट्या मोत्यांच्या सपाता घेतल्या, हा तपशील मुलांना भलता आवडला), तेव्हा इंदूरला रेल्वे नव्हती. खंडव्याला जायचं तर नर्मदा ओलांडून, घाट उतरून. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये या फाट्यासाठी सरकारला एक कोटी रुपये कर्ज देऊ केलं, आणि त्या दशकातच खंडवा-इंदूर मीटरगेज तयार झाली. पातालपानीच्या उतारावर ज्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून बोलणी खाल्ली असतील, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. फॉगनं हत्तीवर २,००० पौंड घातले ते मुलांना पाठ; आपल्या राजानं रेल्वेवर कोटभर रुपये लावले ते वर्गात एकालाही माहीत नव्हतं.

तर मग साहसकथा शिकवूच नये का? जरूर शिकवावी. फक्त क्रम बदलावा. पुढच्या तुकडीबरोबर मी असं केलं: आधी गोष्ट मनसोक्त वाचू दिली, मध्ये एकही चौकट नाही. मग आठ टप्प्यांचं वेळापत्रक फळ्यावर मांडून ऐंशीची बेरीज जुळवली. मग नकाशा काढून कुठं व्हर्न खरा आणि कुठं त्यानं थाप मारली, ते मुलांनाच शोधायला लावलं. धडा काय, हे मी विचारलं नाही. एका मुलानं वहीत आपणहून लिहिलं होतं: “छापलेलं असलं तरी नकाशात बघावं.” पुस्तिकेच्या सगळ्या चौकटींत हे वाक्य कुठंही नव्हतं.

बाईंना हे सगळं पटलं असं नाही. गुणांचा तक्ता त्यांनी ठेवलाच आहे. आमची चर्चा चालू आहे.

शेवटी सभासदांना विनंती. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी खंडवा लाइनवर किंवा होळकर रेल्वेत नोकरी केली असेल, त्यांनी घरातली जुनी कागदपत्रं, पास, वेळापत्रकं, फोटो काही असेल तर पुढच्या बैठकीला जरूर आणावं. स्कॅन करून मूळ प्रत तिथंच परत देऊ. मुलांना दाखवायला मला फॉगच्या तिकिटाऐवजी आपल्या माणसांचं तिकीट हवं आहे.