वाळवंटातले तीन मानलेले मामा

'गॉडफादर' म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे हमखास मार्लन ब्रँडो उभा राहतो. पण या शब्दाचा मूळ अर्थ अगदी घरगुती आहे. ख्रिस्ती घरात बाळाचा बाप्तिस्मा होतो, तेव्हा आईवडिलांबरोबर त्या बाळाची जबाबदारी स्वीकारणारा माणूस तो गॉडफादर. मराठीत याला नेमका शब्द नाही, पण 'मानलेला' हे सुरेख विशेषण आपल्याकडे आहे. जॉन फोर्डचा 'थ्री गॉडफादर्स' (१९४८) हा अशाच तीन मानलेल्या मामांचा सिनेमा. फक्त हे तिन्ही मामा बँक लुटून पळालेले दरोडेखोर आहेत!

बॉब (जॉन वेन), पीट (पेद्रो आर्मेंदारिझ) आणि पोरगेला विल्यम ऊर्फ 'किड' (हॅरी केरी ज्युनिअर) हे तिघे ॲरिझोनातल्या 'वेलकम' नावाच्या गावात शिरतात. बागेत काम करणाऱ्या एका गृहस्थाशी गप्पा मारतात, त्याच्या बायकोच्या हातची कॉफी पितात, आणि मग कळतं की हा गृहस्थच गावचा शेरीफ! बँक लुटली जाते, किडच्या खांद्याला गोळी लागते, आणि शेरीफ (वॉर्ड बाँड) नेम धरतो तो त्यांच्या पाण्याच्या पिशवीवर. वाळवंटात माणसाला मारायला गोळी लागत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पुढे वादळात घोडेही जातात. ज्या पाणवठ्याच्या आशेवर तिघे पायी चालत येतात, तो एका अडाणी वाटसरूने सुरुंग लावून उद्ध्वस्त केलेला असतो. त्याची बायको तिथेच गाडीत एकटी, दिवस भरलेली. बाळ जन्मतं. आई तिघांकडून शब्द घेते आणि प्राण सोडते.

आता तुम्ही म्हणाल, यात भाबडेपणा ठासून भरलाय. भरलाय खराच! तीन पुरुष, एक बाळ, नाताळ आणि 'न्यू जेरुसलेम' नावाचं गाव. बायबलमधले तीन ज्ञानी पुरुष ओळखायला पंडित व्हायची गरज नाही. तरीही सिनेमाचा मधला भाग मला फार आवडतो. माझ्या धंद्यात आम्ही माणसं, तास आणि पैसे यांची सतत बेरीज-वजाबाकी करतो. फोर्ड इथे तेच करतो. पाणी किती, दुधाचे डबे किती, चालायचं किती. बाळाला पहिल्यांदा तेल लावायचं तर बॉब चक्क गाडीच्या चाकाचं वंगण फासतो. किड बालसंगोपनाचं पुस्तक मोठ्याने वाचतो. बाळाला झोपवायला गाणं म्हणतो, तेही मरणाऱ्या काउबॉयचं! हे तिघे 'सुधारले' असं कोणी सांगत नाही. त्यांना फक्त कामं पडतात, आणि कामं करताकरता माणूस बदलतो.

आपण बोलताना 'वाल्याचा वाल्मीकी झाला' असं सहज म्हणतो. त्या कथेत वाल्याला एक प्रश्न बदलतो: माझ्या पापात कोण वाटेकरी होणार? इथे प्रश्न नाही, उपदेश नाही, तपश्चर्या तर नाहीच नाही. इथे दर थोड्या वेळाने एक बाळ रडतं. ज्यांनी रात्री दोन वाजता दुधाची बाटली कोमट केली आहे, त्यांना यातलं सत्य वेगळं समजावून सांगायला नको.

या कथेला जुना इतिहास आहे. पीटर काइनची मूळ कादंबरिका १९१३ची. हॅरी केरी (किडचं काम करणाऱ्या नटाचे वडील) यांनी १९१६च्या मूकपटात काम केलं, आणि १९१९मध्ये खुद्द फोर्डच्या 'मार्क्ड मेन'मध्येही. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. केरी १९४७मध्ये गेले आणि १९४८चा हा सिनेमा फोर्डने त्यांनाच अर्पण केला. मधल्या काळात विल्यम वायलरने 'हेल्स हीरोज' (१९२९) केला. तो जरूर पाहा. त्यात शेवटचा दरोडेखोर चालायला ताकद यावी म्हणून जाणूनबुजून विषारी पाणी पितो, बाळाला गावातल्या चर्चपर्यंत पोचवतो आणि तिथेच कोसळून मरतो. तासाभराहून थोडा मोठा सिनेमा, पण अंगावर येतो.

फोर्डचा बॉब मात्र जगतो. किड आणि पीट वाटेत मरतात, बॉबला भ्रमात त्यांचे आवाज ऐकू येतात, बायबलचं पान उघडतं, त्यात गाढवाचा उल्लेख असतो आणि समोर गाढव हजर! इथे फोर्ड हिशेब सोडून देतो. इतका वेळ घोटाघोटाने मोजलेलं पाणी, आणि आता आकाशातून मदत. नंतरचा न्यायालयाचा प्रसंग तर जवळजवळ विनोदी आहे. वायलरचा शेवट जास्त प्रामाणिक आहे, हे माझं स्पष्ट मत.

पण फोर्डच्या शेवटात एक गोष्ट अशी आहे, जी वायलरकडे नाही. न्यायाधीश बॉबला विचारतो, हे मूल शेरीफ दांपत्याला कायमचं देशील का? (मेलेली बाई शेरीफच्या बायकोची भाची असते.) बॉब नाही म्हणतो. मी शब्द दिलाय, म्हणतो. न्यायाधीश खूश होऊन कमीत कमी शिक्षा देतो: एक वर्ष आणि एक दिवस. बाळासाठी मरणं थोर खरंच, पण बाळासाठी तुरुंगातून परत यायचं कबूल करणं जास्त लांब पल्ल्याचं काम आहे.

हे मला का भिडलं, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही इथे मृत्युपत्र केलं. वकिलाने विचारलं, तुम्ही दोघंही नसाल तर मुलीला कोण सांभाळेल? सख्खे काका, मामा, आत्या सगळे भारतात. बायकोने आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि मंडळातल्या एका मित्राचं नाव लिहिलं. त्याला फोन केला तर तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "अरे, हे काय विचारणं झालं?" आपली इथली मुलं ज्यांना काका-मावशी म्हणतात, त्यातले किती रक्ताचे असतात? परदेशात आपण सगळे एकमेकांचे गॉडफादरच आहोत.

एक प्रसंग मात्र खटकतो, आणि आपल्यासारख्यांना तो खटकायलाच हवा. मेक्सिकन पीट बाळाशी स्पॅनिश बोलतो, तर बॉब त्याला दटावतो: असलं बोलू नकोस, पोर तेच उचलेल, त्याला आईसारखी चांगली अमेरिकन भाषा यायला हवी. गंमत म्हणजे हे सांगताना 'भाषे'साठी तो शब्द वापरतो 'हाब्ला', म्हणजे स्पॅनिशच! १९४८च्या प्रेक्षकाला हा विनोद वाटला असेल. दर रविवारी मुलांना मराठी शाळेत सोडणाऱ्या आईबापाला तितकंसं हसू येत नाही. आईलाही सिनेमात फार थोडी जागा आहे. तिने यावं, जन्म द्यावा, मरावं. मिल्ड्रेड नॅटविकने तेवढ्यातही जीव ओतलाय, हे तिचं श्रेय.

पण बाळाचं नाव ऐका: रॉबर्ट विल्यम पेद्रो हायटॉवर. ज्याची भाषा नको होती, त्याचं नाव बाळाला जन्मभर चिकटलं. फोर्डने हे ठरवून केलं की सहज झालं, कोण जाणे! पण मला ते पटतं.

या नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन हे दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहा, आधी वायलरचा, मग फोर्डचा. कुठला शेवट खरा, यावर घरात वाद नक्की होईल. आमच्या घरी मुलगी फोर्डच्या बाजूने आहे. तिचं म्हणणं एवढंच, "बाबा, बाळ मोठं झाल्यावर त्याला गोष्ट सांगायला कोणीतरी उरायला नको का?"