धातुविरहित कपलिंगचे दावे : एक परीक्षण

सेंद्रिय संश्लेषणात दोन कार्बन-अणूंचा बंध जुळविण्यासाठी धातु-उत्प्रेरित क्रॉस-कपलिंगइतके हुकमी साधन क्वचितच आढळते. हेक, नेगिशी व सुझुकी यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते या क्षेत्रातील पॅलेडियमच्या उपयोगाबद्दल. परंतु हा धातू महाग असून औषधात त्याचा अंश ठरावीक मर्यादेपलीकडे उरू देता येत नाही. साहजिकच धातूवाचून कपलिंग साधल्याचे दावे वेळोवेळी पुढे येतात. त्यांमागील हेतू स्तुत्य आहे. प्रश्न पुराव्याचा आहे.

२००३ साली लेडबीटर व मार्को यांनी सोडियम कार्बोनेटाच्या सान्निध्यात, पाण्यात, सुझुकी-विक्रिया धातूविना घडते असे प्रसिद्ध केले. लेडबीटर यांच्याच गटाने २००५ साली फेरतपासणी करून दाखविले की, हे श्रेय कार्बोनेटातील पॅलेडियमचे होते. ५० पीपीबी, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग, एवढा अंशही त्यास पुरेसा होता. २००९ साली बकवाल्ड व बोल्म यांनी लोहाच्या नावे जमा झालेल्या काही विक्रियांत तांब्याच्या लेशाचा हात असल्याचे निदर्शनास आणले. २०२१ साली अमाइनला उत्प्रेरक ठरविणारा निबंध त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. ते अमाइन तयार करतानाच पॅलेडियम वापरलेले होते. हे तिसरे उदाहरण अधिक बोधप्रद होय. अमाइन वगळताच विक्रिया थांबे. पण अमाइनबरोबर धातूही वगळला जात असल्यामुळे ही पडताळणीच दिशाभूल करणारी ठरली.

वर्धा जिल्ह्यात या विवेचनाला विशेष महत्त्व आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते. स्थानिक द्रव्यांचा उपयोग ही त्या भूमीची परंपरा. आसामात केळीच्या सालीच्या राखेचे पाणी आम्लारी म्हणून वापरून सुझुकी-विक्रिया केल्या गेल्या, तशी पऱ्हाटीच्या राखेची कल्पना येथील विद्यार्थ्याला सुचणे स्वाभाविक आहे. मात्र आसामातील प्रयोगांत पॅलेडियम उघडपणे घातलेले होते. राखेने तेथे सोडा वाचला, धातू नव्हे. आणि सोडा मुळातच स्वस्त असतो. खर्चाचा भार पॅलेडियम व बोरॉनिक आम्ल यांवर पडतो, हे विसरून "हरित" हे विशेषण लावणे उचित नव्हे.

शिवाय राख हे अनेक धातूंचे मिश्रण आहे. तिच्या बळावर धातुविरहिततेचा दावा करावयाचा, तर निरनिराळ्या ठिकाणची राख घेणे, नवी भांडी व न वापरलेले चुंबकीय ढवळके योजणे आणि पॅलेडियमचा ज्ञात लेश मुद्दाम मिसळून उत्पन्नात पडणारा फरक नोंदविणे आवश्यक ठरते. जुन्या ढवळक्यांच्या आवरणात धातूचे कण अडकून राहतात. सूक्ष्ममापनाचे यंत्र हाताशी नसले तरी यांतील प्रत्येक पडताळणी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत शक्य आहे. यंत्राद्वारे धातूचे मापन होईपर्यंत "धातु न घालता" एवढेच लिहावे. "धातुविरहित" लिहू नये.