‘उजव्या सोंडेचा गणपती’ : प्रतिमा आणि प्रमेय

विज्ञान सामान्य वाचकापर्यंत नेण्यासाठी कथेचा आश्रय घेणाऱ्या लेखकापुढे एक सोपा मार्ग नेहमीच असतो : शास्त्रीय माहिती पात्रांच्या तोंडी घालावयाची. मराठीत हा मार्ग फार मळलेला आहे. त्याहून अवघड मार्ग असा की, कल्पनेचा भार प्रतिमेनेच उचलावा. जयंत नारळीकर यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा या दुसऱ्या मार्गाची असल्याने विचारार्ह ठरते.

कथेचे बीज मोबियसच्या पट्टीत आहे. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके जोडली की तिला एकच पृष्ठ उरते. तिच्यावरून सरकत पूर्ण फेरी केलेली सपाट आकृती मूळ जागी डाव्याची उजवी होऊन येते. अवकाशालाच असा पीळ पडला, तर त्यातून गेलेला मनुष्य आपल्या प्रतिबिंबासारखा परतेल. कथेतील गोलंदाजाचा हात बदलतो तो याच न्यायाने. परंतु कथेचे बळ गोलंदाजात नसून गणपतीत आहे. उजव्या सोंडेचे दैवत कडक, त्याचे सोवळे निराळे, अष्टविनायकांत तसा एक सिद्धटेकचाच, हे मराठी वाचक लहानपणापासून ऐकत आलेला असतो. मूर्ती कशीही फिरवली तरी डाव्या सोंडेची उजवी होत नाही, हे भूमितीतील तथ्य त्याच्या देवघरात आधीच बसलेले आहे. लेखकाने ते तेथून उचलले. (१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविताना त्यांनी स्वतःची आद्याक्षरेही उलटून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले होते!)

मात्र मनुष्य उलटला, की त्याच्या शरीरातील रेणूही उलटतात. सजीवांची प्रथिने डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची, शर्करा उजव्या घडणीच्या. तेव्हा अशा मनुष्याला भाकरीतील पिष्ट व डाळीतील प्रथिने पचणार नाहीत. सामना जिंकणारा गोलंदाज पुढे भरल्या ताटावर उपाशी राहावयाचा. एच. जी. वेल्स यांच्या १८९६ मधील कथेतला प्लॅटनरही हृदय उजवीकडे घेऊन परततो, आणि त्याच्यापुढेही हाच पेच उभा राहतो.

मूर्तीला भूक नाही. म्हणून शास्त्राच्या कसोटीला गणपती उतरतो आणि गोलंदाज उतरत नाही. वाचकाला मात्र क्रिकेटचा चमत्कारच अधिक आठवतो. ही कथा वर्गात शिकविणाऱ्याने कागदाच्या पट्टीबरोबर जेवणाच्या ताटाचा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवावयास हवा.